बँकॉकला निघालेल्यांनी काय जपायचं?

ए-२०४: चवथ झाली की आम्ही बँकॉक-पट्टायाला निघतोय. सासूबाईही येतायत. तिथे फसवाफसवी फार चालते म्हणतात. काय जपायचं?

बी-१०१: सुरुवात घरातूनच करा ताई. थायलंडला मे २०२५ पासून डिजिटल अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरावं लागतं. पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचं, एक पैसा लागत नाही. पण शोधायला गेलं की सरकारी वाटणाऱ्या, पैसे उकळणाऱ्या साइट समोर येतात. पत्ता डॉट गो डॉट टीएचने संपत असेल तरच पासपोर्ट नंबर टाका.

ए-२०४: बरं झालं सांगितलंत. धाकट्याने काल उघडलेलं पान डॉलर मागत होतं!

सी-३०१: बोटीवर असताना बँकॉकला वरचेवर उतरायचो, म्हणून ग्रँड पॅलेसचं सविस्तर लिहितो. फाटकाच्या थोडं अलीकडे एक नीटनेटका माणूस गाठतो. इंग्रजी छान, वागणं अदबीचं. "आज राजवाडा बंद, बौद्धांचा सण आहे. दुपारी या. तोवर टुकटुकने देवळं बघा, २० बाट फक्त." टुकटुक म्हणजे तिथली रिक्षा, बाट म्हणजे तिथलं चलन. टुकटुकवाला त्याचाच. देवळात आणखी एक जण सहज भेटल्यासारखा भेटतो, रत्नांवरच्या सरकारी सवलतीचा आज शेवटचा दिवस म्हणतो. मग टुकटुक थेट दुकानापुढे. हलका नीलम गळ्यात मारतात, वर "तुमच्याकडे विकलात तर दुप्पट येतील" असं सांगतात. २० बाटांत अर्धा दिवस कोण फिरवेल? त्याचे पैसे दुकानदार देतो. राजवाडा सहसा रोज साडेआठला उघडतो, तिकिटं साडेतीनपर्यंत. खुद्द तिकीट खिडकीवर जाऊन विचारा. आपणहून जवळ येईल त्याच्या मागे जायचंच नाही.

बी-१०१: आपल्या गोव्यात कळंगुटला स्क्रॅच कार्ड पुढे करतात, तशीच तऱ्हा. बक्षीस लागलं म्हणायचं आणि हॉलिडे क्लबची मेंबरशिप विकायला नेऊन बसवायचं.

ए-२०४: सासूबाईंशी कुणी गोड बोललं की त्या थांबतातच. त्यांना हे आजच वाचून दाखवते.

डी-४०२: मग टूरवाल्यांबरोबरच जा ना, डोक्याला ताप नको.

सी-३०१: टूरची बसही रत्नांच्या दुकानात थांबते भाऊ. आत गेलं तरी घेतलंच पाहिजे असं नाही, हे घरच्या सगळ्यांना आधीच सांगून ठेवायचं.

बी-३०३: पट्टायाला जेट स्की (पाण्यावरची स्कूटर) भाड्याने घेऊच नका, असं माझं ठाम मत. परत आणली की जुनाच ओरखडा दाखवून हजारो बाट मागतात, चार जण गोळा होतात. मुलांनी हट्टच धरला तर आधी चहूबाजूंनी व्हिडिओ काढा, आणि पासपोर्ट कुणाकडे गहाण ठेवू नका. अडवलं तर ११५५ लावा, पर्यटक पोलीस. इंग्रजीत बोलतात.

बी-१०१: कार्ड मशीनवर "रुपये की बाट" विचारलं तर बाटच निवडा. रुपये दाबले की दर ते लावतील तो, नेहमी महागच पडतो.

ए-२०४: विमानतळावरून टॅक्सीचं काय?

सी-३०१: सुवर्णभूमीला खालच्या मजल्यावर मीटर टॅक्सीची रांग आहे. मशीनमधून चिठ्ठी घ्या, त्यावरच्या नंबराच्या गाडीत बसा. मीटरवर विमानतळाचे ५० बाट आणि टोल द्यावा लागतो, ते रीतसरच आहे. चिठ्ठी मात्र ड्रायव्हरला देऊ नका काकी, उतरेपर्यंत जवळ ठेवा.

ए-२०४: ठेवते. टोलसाठी सुटे बाट इथूनच घेऊन जाते.