पुश बटणाने मशीन चालू-बंद करायचंय, रिलेचं साधं सर्किट सांगा

रंधा_करवत: घरामागे शेडमध्ये सुतारकामाचं टेबल सॉ आहे, १ एचपी सिंगल फेज, साध्या खटक्यावर चालतं. लाईट गेली आणि खटका बंद करायचा राहिला की लाईट आल्यावर पातं आपोआप फिरायला लागतं, घरात लहान मुलं आहेत म्हणून भीती वाटते. मला एकच पुश बटण हवंय, दाबलं की चालू, परत दाबलं की बंद. १२ व्होल्टचा रिले (कॉइलला करंट दिला की ओढला जाणारा स्विच) पडलाय माझ्याकडे, १० अँपिअर लिहिलंय त्यावर. आर्डुइनोसारखा प्रोग्रॅमिंगचा बोर्ड वगैरे नको.

वायरमन_काका: एका बटणाचं सर्किट होतं हो, पण सॉ ला नको. माणूस घाबरला की दोनदा दाबतो, म्हणजे बंद झालेलं परत चालू. दोन बटणं घ्या, हिरवं एनओ (एरवी उघडं, दाबलं की जोडतं) आणि लाल एनसी (एरवी जोडलेलं, दाबलं की तोडतं). १२ व्होल्टचा प्लस आधी लालमधून, मग हिरव्यातून, मग रिलेची कॉइल आणि तिथून मायनस. रिलेचाच एक एनओ काँटॅक्ट हिरव्याला पॅरलल टाका. हिरवं दाबलं की रिले ओढतो, काँटॅक्ट लागतो आणि बोट काढलं तरी स्वतःला धरून ठेवतो, लाईट गेली की सुटतो आणि आली तरी गप्प. शेतातल्या मोटरचा स्टार्टर हेच करतो (त्यावर लोक ऑटो, म्हणजे लाईट आली की मोटर आपोआप चालू करणारं यंत्र, बसवून सगळी सेफ्टी घालवतात तो विषय वेगळा). कॉइलला उलटा १एन४००७ डायोड, पट्टीची बाजू प्लसला.

रंधा_करवत: लाल एनसीच का, एनओ लावून जमणार नाही का?

वायरमन_काका: वायर तुटली किंवा स्क्रू ढिला झाला तर एनसीमध्ये मशीन बंद पडतं. एनओमध्ये चालूच राहतं आणि तुम्ही बटण दाबत बसता.

पॅनल_बोर्ड: काकांचं बरोबर पण मोटर त्या रिलेवर डायरेक्ट घेऊ नका. ते १० अँपिअर हीटरसारख्या लोडचे असतात, मोटर उचलताना चालू करंटच्या पाच-सहा पट घेते. काँटॅक्ट चिकटले की रिले सुटूनही पातं फिरत राहणार. ९ अँपिअर एसी-३ (मोटर लोडचं रेटिंग) चा काँटॅक्टर, म्हणजे मोटरसाठीचा दणकट रिले, घ्या, कॉइल २४० व्होल्टची मागा, नाहीतर दुकानदार थ्री फेजची ४१५ वाली देतो. रिले फक्त त्याची कॉइल चालवेल. ओव्हरलोड (जास्त करंट गेला की मोटर बंद करणारा रिले) लावलात तर करंट तिन्ही पोलमधून सिरीजमध्ये फिरवा, नाहीतर एक फेज गेली समजून उगाच ट्रिप होतो.

अजून एक, १२ व्होल्टच्या अॅडॉप्टरमध्ये कॅपॅसिटर असतो, लाईट नुसती झपकन जाऊन आली तर रिले सुटतच नाही, काँटॅक्टर मात्र सुटतो आणि परत ओढतो. म्हणून होल्डिंगचा काँटॅक्ट रिलेचा न घेता काँटॅक्टरच्या ऑक्झिलरी एनओमधून (त्याच्याबरोबर हलणाऱ्या छोट्या जादा काँटॅक्टमधून) घ्या, म्हणजे काँटॅक्टर पडला की रिलेही पडला.

रंधा_करवत: हे डोक्यातच आलं नव्हतं. मग रेडिमेड डीओएल (मोटर थेट लाईनवर चालू करणारा) स्टार्टरच घेतला तर?

पॅनल_बोर्ड: तेच बरं पडेल, त्यात काँटॅक्टर, ओव्हरलोड, बटणं सगळं असतं. फक्त बटणांवर २४० व्होल्ट येतात, बॉक्सला अर्थिंग पक्कं करा आणि मागे ३० एमए आरसीसीबी (करंट गळला की लाईन तोडणारा स्विच) हवाच. टेस्ट करताना पातं काढून ठेवा, मशीन चालू असताना मेन पाडा आणि परत चढवा. हिरवं दाबेपर्यंत मोटर हलता कामा नये.