‘प्रेरणा’, ‘कित्ता’, ‘वळण’ की ‘चाल’? दुसऱ्याच्या चित्रावरून काढलेल्या फोटोला काय म्हणावे

तिरीप

नमस्कार मंडळी. एका शब्दासाठी अडले आहे.

आमच्या गावातल्या फोटोग्राफर मित्रमंडळींचे प्रदर्शन दिवाळीनंतर आहे. प्रत्येक फोटोखाली मराठीत पाटी लावायची आहे आणि तिच्यात एक रकाना आहे, ‘प्रेरणा’. माझा फोटो बहिणीच्या मुलीचा आहे. तिच्या एका हातात दिवा आहे आणि दुसऱ्या हाताचा ज्योतीला आडोसा. तुम्ही ओळखलेच असेल. सा. ल. हळदणकरांचे म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातले ते जलरंगातले चित्र, ज्याला कित्येक जण अजून रविवर्म्याचे समजतात. माझ्या माहेरी बैठकीच्या खोलीत त्याची फ्रेम होती. ती बघत मी मोठी झाले.

फोटो काढायला तीन संध्याकाळी गेल्या. पहिल्या दिवशी खरी ज्योत लावली, तर ज्योतीच्या जागी पांढरा डाग आला आणि चेहरा काळा. दुसऱ्या दिवशी चेहरा उजळ आला, पण बोटे मेल्यासारखी फिकट. हळदणकरांच्या चित्रात बोटांमधून उजेड तांबूस होऊन झिरपतो, सगळा जीव तिथे आहे. शेवटी तळहाताच्या आत शेंगदाण्याएवढा एलईडी दिवा चिकटपट्टीने बसवला आणि त्यावर पिवळा जिलेटिन कागद लावला. मग बोटांच्या कडा पेटल्या.

आता सांगा, याला ‘प्रेरणा : हळदणकर’ म्हणायचे? मी तसे लिहिले आणि खोडले. उभे राहणे त्यांचे, उजेड त्यांचा, बोटेसुद्धा त्यांचीच. ‘प्रेरणा’ म्हटले की मी काहीतरी लपवते आहे असे वाटते. ‘नक्कल’ म्हटले तर तीन संध्याकाळींवर अन्याय होतो. मधला शब्द कोणता?

मोडीवाचक

तिरीपताई, तुमची शंका रास्त आहे. ‘प्रेरणा’ शब्द संस्कृत ‘प्र + ईर्’ यावरून आला. ईर् म्हणजे हलवणे, चालवणे, आणि प्रेरणा म्हणजे पुढे ढकलणे. ढकलणारा ढकलून मोकळा होतो, जायचे कुठे ते ज्याचे त्याने ठरवायचे. म्हणून ज्या ठिकाणी फक्त धक्का मिळाला आणि वाट स्वतःची होती, तिथेच हा शब्द शोभतो.

फोटोग्राफीतले उदाहरण द्यायचे तर आंरी कार्तिए-ब्रेसाँ या फ्रेंच फोटोग्राफरचे. ते मुळात चित्रकलेचे विद्यार्थी, पॅरिसमध्ये आंद्रे लोत यांच्याकडे शिकलेले. १९३० च्या सुमारास मार्टिन मुंकाची या हंगेरियन फोटोग्राफरने टांगानिका सरोवराच्या काठावर एक फोटो काढला होता. तीन मुले पाठमोरी, लाटांत धावत शिरताना. तो पाहून आपल्यात ठिणगी पडली असे ब्रेसाँनी पुढे अनेकदा सांगितले. पण पाण्यात धावणारी मुले शोधत ते काही फिरले नाहीत. हातात कॅमेरा घेतला आणि आपल्या वाटेने गेले. याला म्हणावे प्रेरणा.

‘स्फूर्ती’ वेगळी. स्फुर् म्हणजे थरथरणे, लकाकणे. डोळा स्फुरतो, बाहू स्फुरतात, तशी ओळ स्फुरते. स्फूर्तीला बाहेरचे चित्र लागतेच असे नाही.

तुमच्या फोटोला मी ‘कित्ता’ सुचवीन. शब्द अरबीतून आला आहे, मुळात अर्थ ‘तुकडा’. सुलेखनाचा नमुना म्हणून दिलेला तुकडा समोर ठेवायचा आणि तो गिरवायचा. मोडी शिकताना आजही तेच करतो. कित्ता गिरवणे हा शिकण्याचा राजमार्ग आहे, त्यात कमीपणा नाही.

स्टुडिओकाका

मोडीवाचक सरांना दुजोरा. मी सांगलीकडचा, चाळीस वर्षे स्टुडिओ चालवला. आमच्या गुरूंच्या डार्करूमबाहेर कॅलेंडरांतून कापलेली चित्रे दाभणाने टोचून लावलेली असत. नवीन पोऱ्या आला की त्याला कॅमेऱ्याला हात लावू देत नसत. आधी महिनाभर चित्रातला उजेड कुठून येतो ते खडूने पाटीवर काढून दाखवायचे. नाकाची सावली कुठे पडली, मग दिवा कुठे असणार? हे जमले की मग दिव्याच्या स्टँडला हात.

तेव्हा आम्ही सगळे ‘रेम्ब्रां’ म्हणायचो. “पाहुण्यांना रेम्ब्रां लाव” म्हणजे मुख्य दिवा एका बाजूला, साधारण पंचेचाळीस अंशात, डोक्याच्या वर. मग अंधाऱ्या बाजूच्या गालावर, डोळ्याखाली, उजेडाचा एक लहान त्रिकोण पडतो. त्रिकोण डोळ्यापेक्षा रुंद नको आणि नाकापेक्षा लांब नको. दिवा चार बोटे खाली आला की त्रिकोण फुटून सगळा गाल उजळतो, वर गेला की डोळ्यात खड्डा पडतो. सतराव्या शतकातला डच चित्रकार, १६६९ साली वारला, आणि आमच्या तालुक्याच्या गावात लग्नाच्या पोरींच्या गालावर त्याचा त्रिकोण. नाव कुणाचे हे मला फार उशिरा कळले. तोवर मला ते दिव्याच्या एखाद्या कंपनीचे नाव वाटे.

तेव्हा ताई, गिरवल्याची लाज नको. मात्र एक सांगतो, ‘नक्कल’ शब्दालाही उगाच बदनाम करू नका. तलाठ्याकडे सातबाराची नक्कल मिळते तिला कोणी चोरी म्हणत नाही. आणि आमच्या हौशी नाटकात ‘नक्कल पाठ झाली का?’ म्हणजे तुझी वाक्ये पाठ झाली का. त्या नकलेतूनच माणूस भूमिका उभी करतो. चोरीसाठी मराठीत ‘उचलेगिरी’ आहे, ‘ढापणे’ आहे, ते वापरावेत.

दाणेदार

कित्ता ठीक, पण कित्ता पुसला जातो. वही भरली की कोणी बघत नाही. जे अंगात मुरते आणि आयुष्यभर दिसत राहते, त्याला आपल्याकडे ‘वळण’ हा फार मोलाचा शब्द आहे. अक्षराचे वळण, मुलाला लावलेले वळण, आणि “पोरगी आजीच्या वळणावर गेली आहे” यातले वळण. तिथे कोणी ठरवून काही घेतलेले नसते, तरी ओळख पटते.

फोटोग्राफर रघुबीर सिंग आठवा. १९४२ साली जयपूरला जन्म. ब्रेसाँनी जयपूरवर केलेले पुस्तक त्यांच्या घरातच होते, शाळकरी वयात ते त्यांनी पाहिले. आपलेच गाव दुसऱ्याच्या डोळ्यांनी! पुढे १९६६ मध्ये ब्रेसाँ जयपुरात आले, तेव्हा रघुबीर त्यांना काम करताना बघत हिंडले. रस्त्यावरचा धावता क्षण, चौकटीत माणसांची दाटी आणि तरी प्रत्येकाची जागा पक्की, हे वळण तिथले.

पण ब्रेसाँ काळ्या-पांढऱ्याचे, आणि रघुबीर सिंगांनी रंग सोडला नाही. जगातले मोठे फोटोग्राफर रंगाला बाजारू म्हणत होते त्या काळात. भारतात रंगावाचून बघताच येत नाही असे ते मानत, आणि त्यासाठी राजपूत आणि मुघल लघुचित्रांचा दाखला देत. त्यांचे फोटो त्या नजरेने बघा. पुढे काय, मागे काय असे नसतेच. एका कोपऱ्यात न्हावी, दुसऱ्यात आरसा, मध्ये अॅम्बॅसेडरचे दार, वर आभाळ, आणि सगळे एकाच वेळी डोळ्यांत शिरते, लघुचित्रात राजा, मोर आणि दासी एका पातळीवर असतात तसे.

आता शब्दाकडे या. रस्त्यालाही वळण असते. ‘वळणावर जाणे’ म्हणजे कुणासारखे होणे आणि ‘वळण घेणे’ म्हणजे दिशा बदलणे. दोन्ही एकाच शब्दात. रघुबीर सिंग ब्रेसाँच्या वळणावर गेले आणि तिथेच त्यांनी वळण घेतले. हे इतक्या थोडक्यात मराठीतच म्हणता येते, मला याचा फार आनंद होतो.

तिरीप

दाणेदार, वळणाचे फार आवडले. पण माझ्या एका फोटोला ‘वळण’ म्हणणे मोठे होईल. वळण आयुष्याचे असते, पाटी एका फोटोची.

माझी खरी अडचण आता नीट सांगते. कॅनडाच्या जेफ वॉल यांचा १९९३ चा एक फोटो आहे. वाऱ्याची एकदम झुळूक, हातातले कागद उडाले, एकाची टोपी वर गेली, माणसे वाकली. तो जपानी चित्रकार होकुसाईच्या फुजी पर्वताच्या छत्तीस दृश्यांपैकी एका छाप्यावरून केला आहे. वॉलनी व्हँकुव्हरजवळच्या सपाट शेतजमिनीवर नट उभे केले, शंभराहून अधिक वेळा फोटो काढले आणि संगणकावर त्यांचे तुकडे जुळवून एक वारा बनवला. होकुसाईच्या चित्रात मागे फुजी आहे, एका रेघेत. वॉलच्या फोटोत पर्वतच नाही. आणि त्यांनी नावातच कंसात ‘आफ्टर होकुसाई’ लिहिले आहे.

मला हा ‘आफ्टर’ हवा आहे. ‘नंतर’ म्हटले तर कालगणना होते. ‘आधारित’ म्हटले की सिनेमाची पाटी. ‘अनुसरून’ सरकारी पत्रातले. काय करू?

उन्हाळी

थोडे अवांतर, पण एक शब्द राहून जाईल म्हणून. पुष्पमाला एन. यांनी २००० ते २००४ या काळात क्लेअर आर्नी यांच्यासोबत एक फोटोमालिका केली. तिच्यात रविवर्म्याची लक्ष्मी, चांदण्यातली स्त्री असे सगळे होऊन त्या स्वतः उभ्या राहिल्या. मागे रंगवलेला पडदा, हात तसेच, दागिने तसेच. त्याला माझा शब्द ‘सोंग’. ढोंग नव्हे. भारुडातले, दशावतारातले सोंग. भारुडात वासुदेवाचे सोंग घेतलेला माणूस वासुदेवाची नक्कल करत नसतो, त्याच्या तोंडून स्वतःचे म्हणणे सांगत असतो.

आणि गंमत बघा, ही सगळी कामे आपण एकाच क्रियापदाने करतो. चित्र काढतो, रांगोळी काढतो, फोटो काढतो. आंतरजालावर ‘प्रकाशचित्र’ आणि त्याचे ‘प्रचि’ रुळले, मलाही ते आवडते, पण ‘काढणे’ कोणी बदलले नाही. चित्रकार आणि फोटोग्राफर मराठीत एकाच क्रियापदाचे धनी आहेत.

पडद्यामागून

तिरीप, तुमचा ‘आफ्टर’ आपल्याकडे शंभराहून अधिक वर्षांपासून छापला जातो आहे. तो शब्द आहे ‘चाल’.

किर्लोस्करांच्या, देवलांच्या संगीत नाटकांची जुनी छापील पुस्तके काढा. पदाच्या डोक्यावर राग, ताल आणि बहुतेक ठिकाणी ‘चाल’, आणि पुढे त्या आधीच्या गाण्याचे पहिले चरण. लावणीची चाल, कानडी पदाची चाल, हिंदी ठुमरीची चाल. कवीने शब्द नवे लिहिले, प्रसंग नवा, गाणारे पात्र नवे, पण कोणत्या सुरावटीवर ते बसवले हे तो पहिल्याच ओळीत मोकळेपणाने सांगतो. त्यात लपवालपवी नाही आणि दिलगिरीही नाही. उलट गाणाऱ्याची सोय, कारण ती चाल ठाऊक असेल तर पद लगेच गाता येते. आजही भजनी मंडळाच्या वह्यांत अभंगाच्या वर कंसात चाल लिहिलेली असते. माझ्या आईच्या वहीत आहे.

वॉलनी हेच केले. होकुसाईच्या चालीवर नवे पद लिहिले. वारा, कागद, टोपी, वाकलेली माणसे ही चाल. व्हँकुव्हरची शेतजमीन हे शब्द.

मोडीवाचक

सुंदर! पण शंका विचारतो. ‘चाल’ कानाची आहे, चित्राला कशी लावायची? शिवाय ‘चाल करून जाणे’, ‘चालबाज’ हे अर्थही शेजारीच बसले आहेत. प्रदर्शनात येणारा सामान्य माणूस गोंधळेल. साधा प्रत्यय का नको, ‘-वरून’? ‘हळदणकरांच्या चित्रावरून.’ लहान मुलेही तसेच म्हणतात, “हे मी पुस्तकातल्यावरून काढलं.”

पडद्यामागून

सर, ‘वरून’ बरोबर आहे, पण त्यात पुढे काय केले ते येत नाही. वरून काढले म्हणजे काढले, संपले. चालीत पुढचे शब्द माझे असे गृहीतच असते. आणि चाल कानाचीच राहिलेली नाही. माणसाची चाल असते, घोड्याची असते, बुद्धिबळात असते. चित्रात नजर कुठून शिरते, कुठे थांबते आणि कुठे जाते, ती चित्राची चाल म्हणायला माझी हरकत नाही. हळदणकरांच्या चित्रात ती बोटांपासून चेहऱ्याकडे जाते. तिरीप यांच्या फोटोत?

स्टुडिओकाका

तोच प्रश्न मीही विचारणार होतो. ताई, फोटो टाका की इथे. आणि तुमचे शब्द कोणते, ते सांगा. चाल हळदणकरांची हे कळले.

तिरीप

काका, प्रदर्शन होईपर्यंत फोटो बाहेर द्यायचा नाही असे ठरले आहे, म्हणून सांगते.

भाचीने साडी नेसलेली नाही. ती नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. रात्रपाळीहून आली होती, तसाच युनिफॉर्म अंगावर, केस क्लिपने वर बांधलेले. मी म्हटले, बदलून ये. ती म्हणाली, मावशी, बसले तर झोपेन, असाच काढ. बोटांवर सॅनिटायझरने पडलेल्या भेगा आहेत आणि उजेड त्यांच्यातून येतो, तेव्हा त्या भेगाच आधी दिसतात. नजर बोटांवर थांबते, चेहऱ्याकडे उशिरा जाते. हे मी ठरवले नव्हते. फोटो मोठा करून पाहिला तेव्हा दिसले, आणि मग पाटीवर ‘प्रेरणा’ लिहवेना.

आयोजकांशी बोलले. रकान्याचे नाव सगळ्यांसाठी बदलायला ते तयार नाहीत, पण माझ्या पाटीवर मला हवे ते लिहू देणार आहेत. पाटी अशी केली आहे :

रात्रपाळी
(चाल : सा. ल. हळदणकर यांचे दिवा घेतलेल्या स्त्रीचे जलरंगातील चित्र)

सर, ‘चित्रावरून’ असेही एकदा लिहून पाहिले होते. मोठ्याने वाचले, तर त्यात भाची कुठेच नव्हती.

मोडीवाचक

पाटी मान्य. एक लहानशी सुधारणा, ‘जलरंगातील’ऐवजी ‘जलरंगातले’ करा. बाकीची पाटी बोलते आहे, तो एकच शब्द लिहिल्यासारखा वाटतो.

तिरीप

केले.