विषय: जुनी माउंटन बाइक अपग्रेड करू की नवी घेऊ?

बर्नबीहून:

नमस्कार मंडळी,

मुलगा नववीत गेला आणि व्हँकुव्हरजवळच्या माउंट फ्रोम या डोंगरावर सायकल घेऊन जायला लागला. त्याच्यामागोमाग आता मीही जाते. माझी सायकल २०१० सालची हार्डटेल (म्हणजे सस्पेन्शन फक्त पुढे): २६ इंची चाकं, पुढे तीन आणि मागे नऊ गिअर, पुढच्या चाकाला १०० मिलिमीटर दबणारा स्प्रिंगचा फोर्क. चढ जमतो. उताराला ओल्या मुळांवर मात्र हँडलवरून पुढे जाईन अशी धास्ती वाटत राहते. दुकानात विचारलं, तर नवा फोर्क, मागे बारा गिअर, हायड्रॉलिक ब्रेक आणि ड्रॉपर सीटपोस्ट (चालवता चालवता सीट खाली-वर करणारा दांडा) मिळून मजुरीसकट बाराशे डॉलरच्या घरात जाईल म्हणाले. फ्रेम धडधाकट आहे आणि चालती वस्तू टाकवत नाही. ज्यांनी यात पैसे घातलेत त्यांनी कृपया सांगा.

नॉर्थ व्हँकुव्हरहून:

ताई, नमस्कार.

तुमची धास्ती खरी आहे आणि तिचं कारण फ्रेमच्या आकारात आहे. त्या काळच्या बऱ्याचशा हार्डटेलचा हेड अँगल (फोर्क ज्यात बसतो त्या पुढच्या नळीचा जमिनीशी कोन) ७० अंशांच्या आसपास असायचा. पुढचं चाक जवळजवळ हाताखालीच येतं. आजच्या ट्रेल हार्डटेलला तो ६५-६६ असतो, फ्रेम लांब, स्टेम (हँडल फोर्कला जोडणारा दांडा) आखूड. उभ्या उतारावर चाक तुमच्या बरंच पुढे राहतं, अंग मागे रेटत बसावं लागत नाही. फ्रोम-सीमोरच्या ओल्या, मुळांनी भरलेल्या उतारांवर हा फरक लगेच जाणवतो. दुकानदाराची यादी चांगल्या वस्तूंचीच आहे, पण तिच्यातली एकही वस्तू हा अँगल बदलत नाही. लांब फोर्क लावला तर २० मिलिमीटर वाढीला जेमतेम एक अंश मिळतो, आणि फ्रेम ज्या मापासाठी बनवली त्यापलीकडे गेलं तर हेड ट्यूबच्या (त्या पुढच्या नळीच्या) जोडावर ताण येतो.

पैसे देण्याआधी घरी टेप घेऊन बसा. मागचं चाक काढा आणि ते जिथे बसतं त्या फ्रेमच्या दोन टोकांमधलं आतलं अंतर मोजा. १३५ मिलिमीटर आलं तर जुना क्विक रिलीज (खटक्याने सुटणारा बारीक आस), १४२ म्हणजे थ्रू अॅक्सल (आरपार जाणारा जाड आस), १४८ म्हणजे बूस्ट, आजचं रुंद माप. मग हेड ट्यूब पाहा: वरपासून खालपर्यंत सारखीच जाड आहे की खाली रुंद होत जाते? माझा अंदाज, तुमच्याकडे १३५ आणि सरळ ट्यूब निघेल. तसं असेल तर चांगल्या फोर्कचा विषय तिथेच संपला. आजचे बहुतेक सगळे चांगले फोर्क टेपर्ड स्टीअररचे (खाली रुंद होत जाणाऱ्या दांड्याचे), ११० मिलिमीटरच्या पुढच्या हबसाठी (चाकाच्या मधल्या तुंब्यासाठी) आणि २९ किंवा २७.५ च्या चाकासाठी बनतात. २६ ला जे मिळतं ते तुमच्या आत्ताच्या फोर्कहून फार वरचं नसतं.

बारा गिअरचंही तसंच. शिमानोच्या बारा गिअरच्या डिओर कॅसेटला (मागच्या दातेरी चकत्यांच्या संचाला) मायक्रो स्प्लाइन नावाचा वेगळा फ्रीहब, म्हणजे कॅसेट बसते तो हबचा भाग, लागतो. तुमच्या जुन्या हबवर ती बसत नाही, म्हणजे हब किंवा अख्खं चाक आलं. बाराशेत हे धरलंय का ते दुकानाला नक्की विचारा.

माझं मत स्पष्ट आहे: या फ्रेमवर बाराशे घालू नका. त्यात चार-पाचशे टाकलेत तर २९ इंची, बूस्ट हबची, ड्रॉपरसकट नवी हार्डटेल मिळू शकते. कोविडनंतर दुकानांत माल साचला आणि किमती उतरल्या, वापरलेल्या सायकलींच्या तर जास्तच.

सऱ्हीहून:

दादांचं म्हणणं ताईंच्या सायकलपुरतं पटतं, पण ते सगळ्यांना लागू नाही. माझी २०१८ ची आहे, मागे १४८, हेड ट्यूब टेपर्ड. मी फोर्क, ब्रेक, टायर एकेक करत बदलले आणि आज ती बाजारातल्या नव्या सायकलीच्या तोडीस तोड चालते. साधारण २०१५ नंतरच्या बऱ्याच फ्रेमना अपग्रेड मानवतं.

ताई, या हंगामात नवी घ्यायची नसेल, तर थोडक्या खर्चात काय करता येईल ते सांगते. शिमानोचे साधे हायड्रॉलिक ब्रेक आणि चांगले फ्लॅट पेडल. दोन्ही उद्या नव्या सायकलवर काढून लावता येतात. पुढे एकच दातेरी चकती आणि मागे मायक्रोशिफ्ट अॅडव्हेंटची ११ ते ४२ दातांची, नऊ गिअरची कॅसेट. ती तुमच्या जुन्या हबवर बसते. ड्रॉपर घ्यायचा असेल तर आधी सीट ट्यूबचं (सीटचा दांडा बसतो त्या नळीचं) माप मिलिमीटरमध्ये बघा. २७.२ असेल तर थांबा, कारण नवीन फ्रेमना बहुधा ३०.९ किंवा ३१.६ लागतो आणि २७.२ चा ड्रॉपर त्या मोठ्या ट्यूबमध्ये शिम (मधली फट भरणारी पातळ नळी) घालूनच बसवावा लागतो.

पण ओल्या मुळांवर भीती वाटतेय हे तुम्ही स्वतः लिहिलंय. तो भाग नव्या ब्रेकने थोडासाच सुटेल. आपण घरच्यांसाठी जपून राहायला हवं, म्हणून जमेल तेव्हा नवी घ्याच.

बर्नबीहून:

दादा, सऱ्हीच्या ताई, मनापासून आभार. मोजलं: १३५, सरळ ट्यूब, सीटपोस्ट २७.२. दुकानात विचारलं, तर मागच्या चाकाचे पैसे वेगळे होते.

ठरवलं, फोर्क आणि गिअर यांवर एक पैसा घालायचा नाही. ब्रेक आत्ताच घेते, कारण उतार तर या महिन्यातही आहेतच. पुढच्या हंगामापर्यंत वापरलेली २९ इंची शोधते. जुनी विकणार नाही. तिला १.७५ इंची गुळगुळीत टायर लावून सेंट्रल व्हॅली ग्रीनवे या सायकलमार्गावरून कामावर जाईन, तिथे ही फ्रेम अजून बरीच वर्षं चालेल.

वापरलेली घेताना सीरियल नंबर ५२९ गॅरेजवर (सायकलींच्या ऑनलाइन नोंदणीवर) चोरीची तर नाही ना म्हणून तपासायचा हे मुलाने सांगितलं. व्हँकुव्हर पोलीसही तेच रजिस्टर वापरतात. आणखी काय बघायचं? चेन झिजलीय का हे गेजने मोजेन. फोर्कची सर्व्हिस कधी झाली ते विचारेन. फ्रेमला तडा आहे का हे कसं ओळखायचं ते मात्र मला येत नाही. शनिवारी कोक्विटलमला एक बघायला जातेय. कुणी जाणकार बरोबर आलं तर फार बरं होईल. जाता-येता माझी गाडी, दुपारचं जेवण आमच्याकडे.