मुलगी स्वतः वाचायला लागली, आता मी वाचून दाखवणं थांबवू का?

सांगलीची_आई

माझी मुलगी तिसरीत आहे, मराठी शाळेत, सेमी इंग्रजी. ती अगदी लहान असल्यापासून रात्री भांडी घासून झाली की मी तिला गोष्ट वाचून दाखवते. परवा पालकसभेत बाई म्हणाल्या, "आता बंद करा. आयतं ऐकायची सवय लागली की मुलं स्वतः वाचत नाहीत." त्या मनापासून सांगत होत्या, म्हणून विचारात पडलेय.

पाठ्यपुस्तक ती वाचते, पण जोडाक्षर आलं की थांबते. रफाराला तर हमखास अडते, 'वर्ग'चं 'वगर' करते. धड्याची चार वाक्यं वाचून दमते आणि काय वाचलं ते विचारलं तर सांगता येत नाही. तीच मुलगी रात्री मी वाचत असले की मध्येच विचारते, "पण त्याने आईला आधीच का नाही सांगितलं?" मग आमचं बोलणं कुठल्या कुठे जातं. हे बंद करायचं माझ्या जिवावर आलंय.

अजून एक. आमचे हे टेम्पो चालवतात. मुलगी त्यांच्याही मागे लागते, पण ते म्हणतात, मला नाही जमत, तूच वाच. त्यांना कसं तयार करू?

निवृत्त_गुरुजी

ताई, बंद करू नका. मी सिंधुदुर्गात जिल्हा परिषदेच्या शाळांवर नोकरी केली, बरीच वर्षं पहिली ते चौथीचेच वर्ग होते.

मुलीचे कान तिच्या डोळ्यांच्या खूप पुढे आहेत. तिसरीतलं मूल ऐकून जी गोष्ट समजून घेतं, तेवढी अवघड गोष्ट त्याला स्वतः वाचून कळायला अजून काही वर्षं जावी लागतात. फिलिप गफ आणि विल्यम टनमर या अभ्यासकांनी 1986 साली हे फार सोप्या रीतीने मांडलं: अक्षरं उलगडता येणं गुणिले ऐकलेली भाषा समजणं, म्हणजे वाचून समजणं. बेरीज नाही, गुणाकार. एक बाजू शून्य असेल तर उत्तर शून्यच. जोडाक्षरांवर तुमच्या बाई शाळेत मेहनत घेतायत ती पहिली बाजू. दुसरी तुम्ही रात्री भरताय. तुम्ही थांबलात तर तिला वाचता येतं तेवढंच तिच्या वाट्याला येईल, म्हणजे चार ओळींच्या बाळबोध गोष्टी. ज्या मुलीला "आधीच का नाही सांगितलं" हा प्रश्न पडतो, तिचं त्यात मन कसं रमेल?

शिवाय पुस्तकातली मराठी घरात कोण बोलतं? 'परंतु', 'तत्पूर्वी', 'निश्चय केला' हे जेवताना कानावर पडत नाही. आमच्याकडे घरी मालवणी बोलणारी मुलं असत. प्रमाण मराठी त्यांच्या कानात आधी शिरायची ती वाचून दाखवलेल्या गोष्टींतूनच.

एक मुलगा आठवतो, किनाऱ्यावरच्या वाडीतला, घरची मासेमारी. चौथीत आला तरी ओळ सलग वाचत नसे. एकदा मी कोळ्याची गोष्ट वाचत होतो. चित्रात एकटा माणूस पाण्यात उभा राहून जाळं फेकत होता आणि मी बोलता बोलता त्याला रापण म्हटलं. हा ताडकन उठला, "गुरुजी, ही रापण न्हय, हो पाग!" मग त्याने सगळ्या वर्गाला समजावलं, रापण एकट्यादुकट्याचं काम नाही, होडीतून जाळं लांब नेऊन टाकतात आणि दोन्ही टोकांनी अख्खी वाडी ते किनाऱ्यावर ओढते. बोलून झाल्यावर पुस्तक हातात घेऊन तो 'जाळं' हा शब्द ओळीवर बोट ठेवून शोधत बसला. मी सांगितलं नव्हतं. वाचनतक्ता पुढे ठेवून त्याने असं कधी केलं नव्हतं.

रात्री परीक्षा घेऊ नका, एवढं मात्र पाळा. "तात्पर्य काय?" नको. ती विचारेल त्यावर बोला, तुम्हाला प्रश्न पडला तर तिला विचारा. एखादं सोपं वाक्य तिच्याकडे द्या. अडली तर दोन श्वास थांबा, नाहीतर शब्द सांगून पुढे चला.

लांबचा_गाडीवाला

ताई, तुमच्या मिस्टरांसाठी लिहितो. मी ट्रक चालवतो. दहावीनंतर पुस्तक हातात धरलं नव्हतं, मोठ्याने वाचायचं म्हटलं की जीभ जड व्हायची. पोरापुढे अडखळलो तर काय, असं वाटायचं. तुमच्या घरीही तेच असणार बघा.

आम्ही 'किशोर'पासून सुरुवात केली. बालभारतीचं मासिक, 1971 पासून निघतंय, जुने अंकही त्यांनी नेटवर मोफत ठेवलेत. मुक्काम ढाब्यावर असला की मी माझ्या मोबाईलवर पान उघडतो, तो घरी आईच्या मोबाईलवर तेच पान उघडतो आणि फोनवर एक परिच्छेद मी, एक तो. मी अडखळलो की तो सांगतो, त्याला कोण आनंद होतो! आधी फोनवर "जेवलास का, अभ्यास केलास का" याच्यापुढे आमचं बोलणं जात नव्हतं. आता तो गोष्टीतल्या पोराबद्दल बोलता बोलता स्वतःच्या वर्गातलं सांगतो.

दादांना एकदम पुस्तक देऊ नका. कोडं, विनोद, चार ओळींची कविता द्या. आणि मुलीलाच द्यायला सांगा, तुम्ही नको.

वाचनालयातली_मावशी

मी तालुक्याच्या वाचनालयात बालविभाग बघते. बाईंचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. फक्त ऐकणारी आणि पुस्तक हातातही न धरणारी मुलं मी पाहते. पण त्यावर इलाज वाचून दाखवणं थांबवणं हा नाही. मुलीला शेजारी बसवा, पान तिला दिसू दे, उलटायचं कामही तिच्याकडे. आणि पुस्तक तिने निवडावं. पालक कपाटापुढे उभे राहून "हे लहान मुलांचं आहे, हे नको" म्हणतात, तेव्हा मला फार वाईट वाटतं. तेच पुस्तक पुन्हा पुन्हा मागितलं तर देत जा. पाठ झालेल्या गोष्टीतच मुलं पहिल्यांदा न अडखळता वाचतात.

सांगलीची_आई

सगळ्यांचे आभार. काल ह्यांना तिनेच कोडी वाचायला लावली. दोन वाचून "बास" म्हणाले, पण तिसऱ्याचं उत्तर शोधत बसले. बाईंना मी भेटून गुरुजींचं ते गुणाकाराचं सांगणार आहे. गुरुजी, रफाराचं काय करू तेवढं सांगा.

निवृत्त_गुरुजी

ते दिवसा, खेळ म्हणून घ्या, रात्रीच्या गोष्टीत आणू नका. रफार बसतो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर, पण म्हणायचा त्याच्या आधी, म्हणून मुलं गोंधळतात. तिच्या रोजच्या तोंडातले शब्द घ्या: सर्दी, गर्दी, बर्फ. आधी तिला मोठ्याने म्हणू द्या, र कुठे ऐकू येतो ते तिलाच सांगू द्या, मग पाटीवर लिहून दाखवा. 'वर्ग' सगळ्यात शेवटी घ्या.