यूकेत एम्प्लॉयमेंट ट्रिब्युनलची प्रिलिमिनरी हिअरिंग : मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. बाळंतपणाच्या रजेवरून परतताच माझ्या बायकोला कामावरून काढलं. एकॅसमार्फत (नोकरीच्या वादांत समेट घडवणारी संस्था) तडजोड फिसकटली, म्हणून ट्रिब्युनलमध्ये, म्हणजे नोकरीविषयक वादांच्या न्यायालयात, दावा लावला. आता पहिली सुनावणी आहे, व्हिडिओवर. वकील परवडत नाही, तिच्या बाजूने मीच बोलणार.

या वेळी साक्षीपुरावे होणार नाहीत, मुद्दे आणि पुढच्या तारखा ठरतील, एवढं कळलंय. अडलंय ते मुद्द्यांच्या यादीवर. कंपनीच्या वकिलाने स्वतःची यादी पाठवलीय, त्यात फक्त बडतर्फी आहे. २०१०च्या इक्वॅलिटी ॲक्टखालचा भेदभाव सरळ गाळलाय! आमच्या ईटी-वनमध्ये (दाव्याच्या अर्जात) तो स्पष्ट लिहिलेला आहे. मॅनेजरचा ईमेलही आहे : ‘आता तुझं लक्ष घरीच असणार.’

आपली वेगळी यादी आधीच पाठवावी, की जज्जांसमोरच हरकत घ्यावी? नुकसानभरपाईचा तक्ता आत्ताच लागतो का? कुणी यातून गेलं असेल तर कृपया सांगा, ती रात्रभर झोपत नाही.