डोळ्याखालच्या पिशव्या: चोविसाव्या वर्षी ऑपरेशन करावं का?

कयाधूकाठ
वय २४, मुक्काम नांदेड. दहावीपासून दोन्ही डोळ्यांखाली पिशव्या आहेत. आठ तास झोप झाली तरी तशाच. आईला आणि मामालाही आहेत. थायरॉईड आणि हिमोग्लोबिन नॉर्मल आलंय. चष्मा उणे २.५. एका ठिकाणी फिलर (खाच भरायचं जेलचं इंजेक्शन) सांगितलं, दुसऱ्या ठिकाणी ‘आतून, बिनटाक्याची’ लोअर ब्लेफरोप्लास्टी, म्हणजे खालच्या पापणीचं ऑपरेशन. विचारायलोय ते असं: या वयात करावी का? चरबी काढतात का सरकवतात? फिलरवर भागतं का? घरचे दिवाळीनंतर स्थळं बघायलेत, तोवर सूज उतरते का?

ओटी_नंबर_दोन
पिशवी कशाची आहे ते ठरल्याशिवाय बाकीच्या प्रश्नांना अर्थ नाही.

आरसा घेऊन खिडकीसमोर तोंड करून उभे राहा. मान हलवू नका, फक्त नजर वर न्या. फुगवटा वाढला आणि खाली बघताना कमी झाला तर ती चरबी. मग ट्यूबलाइटच्या बरोबर खाली या. उजेड डोक्यावरून आला की काळेपणा वाढतो, समोरून आला की जातो. तसं होत असेल तर ती नुसती सावली आहे, फुगवट्याची. समोरच्या उजेडातही जो तपकिरी रंग राहतो तो कातडीचा, आणि त्याला ऑपरेशनचा उपयोग शून्य. पैसे भरून नाराज होणारे बहुतेक इथंच फसलेले असतात. सकाळी जास्त आणि संध्याकाळी कमी अशी सूज असेल तर ते पाणी. त्यात ॲलर्जी बघायची, डोळे चोळायची सवय बघायची आणि लघवीतलं प्रोटीन एकदा तपासायचं.

दहावीपासून, घराण्यात, झोपेनं फरक नाही, हे वर्णन चरबीचं आहे. खालच्या पापणीमागे चरबीचे तीन कप्पे असतात: नाकाकडचा, मधला आणि कानाकडचा. त्यांना अडवणारा पातळ पडदा जन्मतः सैल असला की चरबी पुढं येते. चोविशीत कातडी सहसा लोंबलेली नसते, त्यामुळे पापणीच्या केसांखाली बाहेरून छेद घ्यायची गरज क्वचितच पडते. पापणी उलटवून आतल्या गुलाबी अस्तरातून जातात, बाहेर व्रण राहत नाही. ‘बिनटाक्याची’ म्हणतात ते या आतल्या छेदापुरतं खरं आहे. चरबी सरकवायची असेल तर आत टाके येतातच, कधीकधी गालावर दोरा बाहेर काढून काही दिवस बांधूनही ठेवतात.

काढणं की सरकवणं? पिशवीच्या खाली, नाकापासून गालाकडे तिरकी खाच दिसत असेल तर सरकवणं बरं. तीच चरबी हाडाच्या कडेवरून खाली उतरवून खाचेत बसवतात. सूज जास्त दिवस राहते, पण चाळिशीत डोळा खोल जात नाही. खाच नसेल आणि नुसता फुगवटा असेल तर थोडी काढून भागतं. थोडी म्हणजे डोळ्यावर हलका दाब दिल्यावर हाडाच्या कडेपुढं जेवढी येते तेवढीच. ओढून काढली तर मागच्या रक्तवाहिन्या फाटतात. नाकाकडच्या आणि मधल्या कप्प्यांच्या मधून डोळा फिरवणारा एक तिरका स्नायू जातो. तो दुखावला तर एकाचे दोन दिसायला लागतात. म्हणून छोटं ऑपरेशन असलं तरी ते ज्याच्या त्याच्या हातचं नाही.

वयाचं म्हणाल तर २४ ला मनाई नाही. घाईही नाही. पिशवीनं डोळ्याला काही इजा होत नाही, पाच वर्षांनी केलं तरी हेच ऑपरेशन असेल.

मांजरातीर
फिलरबद्दल. पिशवी सपाट आणि खाली नुसती खाच असेल तर फिलर चालतं, तेही एका बाजूला अर्ध्या मिलीच्या आतबाहेर. मुळात फुगवटा असताना त्याच्याखाली भरून तो झाकायला गेलं की सगळा भागच जाड दिसतो. फिलरमधलं हायलुरॉनिक ॲसिड पाणी धरून ठेवतं, त्यामुळे सकाळी सुजल्यासारखं वाटतं. पातळ कातडीखाली वर बसलं तर निळसर झाक येते. हायलुरॉनिडेज टोचून ते विरघळवता येतं, म्हणून ते औषध क्लिनिकमध्ये आत्ता आहे का, हे सुई लावण्याआधी विचारा. क्वचित फिलर रक्तवाहिनीत जाऊन नजर कायमची जाते. टोचताना कातडी एकदम पांढरी पडली, जाळीदार डाग उमटले किंवा डोळ्यापुढं अंधारी आली तर तिथंच थांबवायला लावायचं. पार्लरमध्ये फिलर घेणाऱ्यांना तर हात जोडून सांगणं आहे की नका घेऊ.

मेडिकलवरून चिठ्ठीविना मिळणारी ‘गोरं करायची’ ट्यूब डोळ्याखाली लावत असाल तर बंद करा. तसल्या बऱ्याच ट्यूबमध्ये स्टेरॉइड असतं. महिनोन्महिने लावलं की कातडी पातळ होऊन खालच्या शिरा दिसायला लागतात, म्हणजे काळेपणा उलट वाढतो. शिवाय डोळ्यातला दाब वाढतो आणि मोतीबिंदूचीही भीती.

शून्य_नंबर
तपासणीत डॉक्टर पुढच्या गोष्टी करतायत का बघा. न करता तारीख देत असतील तर उठून या.

खालची पापणी चिमटीत धरून खाली ओढून सोडतात. पापणी न मिचकावता ती झटकन जागेवर गेली पाहिजे. डोळ्यापासून पुढं ओढली तर सहा-सात मिलिमीटरपेक्षा जास्त सुटायला नको. तुमच्या वयात हे बहुधा ठीकच निघेल. अश्रूंची चाचणी म्हणजे पापणीत कागदाची पट्टी अडकवून पाच मिनिटं थांबायचं. १० मिलिमीटरपेक्षा कमी ओली झाली तर कोरडेपणाची शंका, ५ च्या खाली गेली तर आधी त्यावरच उपचार. आपल्याकडे दिवसभर पंखा, धूळ आणि मोबाइल, त्यामुळे हे कमी निघणं नवलाचं नाही.

तिसरी गोष्ट बाजूनं बघायची. बुबुळाचा पुढचा भाग गालाच्या हाडाच्या पुढं येत असेल तर पापणीला खालून आधार कमी असतो. अशा डोळ्यात ऑपरेशननंतर पापणी खाली ओढली जाऊन बुबुळाखालचं पांढरं दिसू शकतं. उणे नंबरवाल्यांचा डोळा लांबट असतो, म्हणून हे मुद्दाम विचारा. २.५ फार नाही, पण बघून घ्यावं. लेसिक (चष्म्याचा नंबर घालवायचं लेझर ऑपरेशन) करायचा विचार असेल तर दोन्ही एकत्र नको, त्यात किमान सहा महिन्यांचं अंतर ठेवतात.

ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेनच्या गोळ्या, व्हिटॅमिन ई, माशाचं तेल हे सगळं डॉक्टरांना सांगून एक-दोन आठवडे आधी बंद. दुसऱ्या आजारासाठी ॲस्पिरिन चालू असेल तर मात्र परस्पर बंद करू नका. गुटखा, तंबाखू, सिगारेट सुद्धा सांगा. लाजून लपवलं तर जखम भरायला वेळ लागण्याचं कारण कुणालाच कळत नाही.

डॉक्टर कोण, तर प्लास्टिक सर्जरीत एम.सीएच. किंवा डीएनबी, नाहीतर नेत्रविशारद असून ऑक्युलोप्लास्टीची (पापण्यांच्या प्लास्टिक सर्जरीची) फेलोशिप केलेले. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक मागा. नांदेडहून संभाजीनगर आणि हैदराबाद दोन्ही पर्याय आहेत. हैदराबादेत एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत पापणीच्या शस्त्रक्रियेचा वेगळा विभाग आहे. आरोग्यविमा कॉस्मेटिकला पैसे देत नाही, जीएसटीची माफीही नाही. अंदाजपत्रकात भूल, थिएटर, औषधं आणि पुन्हा दुरुस्ती लागली तर तिचा खर्च वेगळा लिहून घ्या.

लालपरी
प्रवासाचं कुणी बोललं नाही, म्हणून. ऑपरेशन झाल्यावर त्याच संध्याकाळी नांदेडची गाडी पकडू नका. डोळ्यामागे रक्तस्राव होण्याचा धोका क्वचित असतो, पण असतो तो मुख्यतः पहिल्या २४ तासांत. एकाच डोळ्यात वाढत जाणारी कळ, डोळा दगडासारखा कडक होऊन पुढं येणं, दिसायला अंधूक: यातलं काही वाटलं तर सकाळची वाट बघायची नाही. दाब कमी करायला डॉक्टर पापणीचा बाहेरचा कोपरा उघडतात, आणि हे दीड-दोन तासांच्या आत झालं नाही तर नजर जाऊ शकते. मधेच कुठंतरी बसमध्ये असलात तर काय करणार? दवाखान्यापासून अर्ध्या तासाच्या आत लॉज घ्या, सोबत एक जाणता माणूस, सर्जनचा स्वतःचा मोबाइल नंबर. रिसेप्शनचा नव्हे.

पहिले ४८ तास जागेपणी दर तासाला दहा-पंधरा मिनिटं थंड पट्टी. बर्फ थेट नको. स्वच्छ सुती रुमाल गार पाण्यात पिळून, वजन न देता ठेवायचा. डोकं दोन-तीन उशांवर. खाली वाकून बूट बांधणं, घागर उचलणं, जिम दोन-तीन आठवडे बंद. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त दिसते, घाबरू नका. निळंजांभळं दहा-चौदा दिवसांत जातं. तोवर ऊन टाळा, सावळ्या कातडीवर डाग रेंगाळतो. मे महिन्यात नकोच म्हणेन, ४२ डिग्रीत घामाचा हात सारखा डोळ्याकडे जातो. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर दोन आठवडे चष्माच.

दिवाळीनंतर स्थळं म्हणता, तर गणपतीच्या आधी उरका. तीन आठवड्यांत चारचौघांत बसता येतं, पण पक्कं रूप तीन ते सहा महिन्यांनी.

कयाधूकाठ
वर बघितलं की फुगायलंच. टॉर्च समोरून धरला तरी थोडा तपकिरी रंग राहतो. म्हणजे दोन्ही का?

ओटी_नंबर_दोन
दोन्ही. फुगवटा जाईल, रंग राहील. कुणी ‘डार्क सर्कल जाणार’ म्हणत असेल तर त्यांच्या अल्बममधले फोटो मोठे करून बुबुळात बघा. आधीच्या फोटोत उजेडाचा ठिपका वरच्या बाजूला आणि नंतरच्या फोटोत मधोमध असेल, तर ती कमाल फ्लॅशची आहे.