हृदयविकास की हृदयविकार?

एका संशोधिकेच्या कामाचा परिचय मराठीत करतो आहे. बाईंची सगळी हयात दोन विषयांत गेली: टॉक्सिकॉलॉजी, आणि भ्रूणात हृदय कसं घडतं. मी लिहिलं, ‘विषशास्त्र आणि हृदयविकास’. मुद्रितशोधकांनी न विचारता ‘हृदयविकार’ करून टाकलं. त्यांचंही बरोबर, हृदयविकास हा शब्द कुणी ऐकलाय? दुसरा काही शब्द आहे का? शिवाय ‘कार्डिओटॉक्सिक’ला ‘हृदयविषारी’ चालेल का?

* * *

‘हृदयविषारी’ नको. वाचणाऱ्याला हृदयच विषारी वाटेल. ‘हृदयाला घातक’ असं सरळ लिहा.

* * *

गंमत अशी की जुन्या अर्थानं मुद्रितशोधक फारसे चुकलेले नाहीत. विकार म्हणजे मुळात नुसता बदल. दही हा दुधाचा विकार. व्याकरणात आपण ‘विकारी शब्द’ म्हणतो, ते काही आजारी नसतात, त्यांचं रूप बदलतं एवढंच. विकास म्हणजे उमलणं, कळीचं असतं तसं. आता भ्रूणाचं हृदय पाहा. आधी एक साधी नळी. माणसात ती साधारण बाविसाव्या दिवशी धडधडू लागते, मग उजवीकडे वळते, पिळते, आत पडदे येतात आणि आठव्या आठवड्याच्या अखेरीस चार कप्पे तयार. हा विकारही आहे आणि विकासही. पण आज ‘हृदयविकार’ म्हटलं की डोळ्यांपुढे दवाखाना येतो, त्यामुळे इथे तो शब्द गेला. ‘हृदयाची जडणघडण’ कसं वाटतं?

* * *

जडणघडण छान! ‘गर्भातील हृदयाची जडणघडण’ म्हटलं की चुकून दुरुस्त करायला जागाच नाही.

* * *

‘विषारी’बद्दल थोडं. विषारी म्हणजे स्वतःत विष असलेलं: साप, वनस्पती, वायू. ‘विषाक्त’ म्हणजे विष माखलेलं. आणि टॉक्सिकॉलॉजीच्या मुळाशी ग्रीक ‘टॉक्सॉन’ आहे, म्हणजे धनुष्य. बाणाला लावायचं विष ते ‘टॉक्सिकॉन’. विषाक्त बाण, अगदी शब्दशः. विषयाचं नाव मात्र ‘विषशास्त्र’च ठेवा. ‘अगदतंत्र’ हा आयुर्वेदातला जुना शब्द देखणा आहे, पण गद म्हणजे रोग आणि अगद म्हणजे त्यावरचा उतारा. तिथे भर विषबाधेच्या उपचारावर आहे, माशाच्या अंड्यावर नाही.

* * *

माशाचं अंडं कुठून आलं?

* * *

झेब्राफिश. या क्षेत्रातली बरीच मंडळी त्याच्यावरच काम करतात. भ्रूण पारदर्शक, हृदय दोनच कप्प्यांचं आणि साधारण २४ तासांत धडधडू लागतं, तेही जिवंतपणी भिंगाखाली दिसतं. १९८९ साली अलास्कात एक्सॉन वाल्डीझ जहाजातून तेल सांडलं, त्यानंतर कच्च्या तेलाचा माशांच्या अंड्यांवर काय परिणाम होतो याचा बराच अभ्यास झाला. तेलातल्या काही संयुगांमुळे भ्रूणाच्या हृदयाचा ठोका बिघडतो, आकारही नीट घडत नाही, हृदयाभोवती पाणी साचतं.

* * *

मग त्या पिल्लाचा दोष ‘जन्मजात’ की ‘आनुवंशिक’? वर्तमानपत्रांत दोन्ही सर्रास एकाच अर्थानं येतात.

* * *

जन्मजात. आनुवंशिक नाही. हा घोळ खरंच थांबायला हवा. जन्मजात म्हणजे जन्मतः असलेलं, कारण कोणतंही असो. थॅलिडोमाइड या औषधाचं उदाहरण घ्या. गर्भधारणेनंतर साधारण २० ते ३६ दिवसांच्या काळात आईच्या पोटात ते औषध गेलं, तर बाळाच्या हातापायांची वाढ खुंटायची, काहींच्या हृदयातही दोष राहायचे. आईवडिलांच्या जनुकांचा काही संबंध नाही. ‘उपजत’ मात्र इथे अजिबात नको. उपजत गळा असतो, उपजत हुशारी असते. हृदयातल्या छिद्राला उपजत म्हटलं तर कानाला खटकतं.

तुमच्या बाईंच्या जातकुळीतलं एक मोठं नाव म्हणजे हेलन टॉसिग. जन्मजात हृदयदोषांवरचं त्यांचं काम पायाभूत. हृदयदोषामुळे रक्तात प्राणवायू कमी पडून निळ्या पडणाऱ्या बाळांच्या फुप्फुसांकडे जास्त रक्त वळवायची कल्पना त्यांची. २९ नोव्हेंबर १९४४ रोजी अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात शल्यविशारद आल्फ्रेड ब्लॅलॉक यांनी ती शस्त्रक्रिया केली, आणि तंत्र बसवण्यात त्यांचे प्रयोगशाळेतले सहायक व्हिव्हियन थॉमस यांचा वाटा मोठा होता. त्याच टॉसिगबाई १९६२ साली थॅलिडोमाइडची बाळं पाहायला जर्मनीला गेल्या आणि परत येऊन अमेरिकेत धोक्याची घंटा वाजवली. उतारवयात त्या पक्ष्यांच्या हृदयांतले दोष तपासत होत्या. ऐकू फार कमी यायचं, तरी बाळाच्या छातीवर बोटं ठेवून ठोका ओळखायच्या. हे लेखात नाही आलं तरी चालेल, पण मला सांगितल्याशिवाय राहवलं नाही.

* * *

सगळ्यांचे आभार. ओळ अशी केली: ‘विषशास्त्र आणि गर्भातील हृदयाची जडणघडण हे त्यांचे अभ्यासविषय, कोणती रसायनं या जडणघडणीला घातक ठरतात आणि कशी, हा त्यांचा प्रश्न.’ एकच अडलंय. ते पाणी साचणं म्हणजे एडीमा. कोशात ‘शोफ’ सापडला.

* * *

‘पाणी साचतं’ एवढंच लिहा. शोफ लिहिलंत तर तुमचे मुद्रितशोधक त्याचा शोक करतील.